फोर बाय फाइव्ह, सोलापूरचा उन्हाळा आणि माठातलं पाणी

लार्ज फॉरमॅट, म्हणजे एकेका मोठ्या फिल्म शीटवर फोटो काढणारा कॅमेरा, सुरू करू म्हणणारे बहुतेक जण मला आधी विचारतात, लेन्स कुठली घेऊ? सोलापुरातला एक अख्खा उन्हाळा या कॅमेऱ्याबरोबर काढल्यावर माझं उत्तर पक्कं झालंय. लेन्स कुठलीही बरी चालेल. निगेटिव्ह चांगली येते की नाही हे आपल्या गावात तीन गोष्टी ठरवतात: होल्डरमधली (फिल्म शीट ठेवायच्या चपट्या, उजेडबंद चौकटीतली) धूळ, डेव्हलपरचं (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं) तापमान आणि धुवायचं पाणी. या वेळची नोंद त्यामुळे त्याच तीन गोष्टींभोवती आहे.

कॅमेरा हलका लाकडी फोल्डिंग, फोर बाय फाइव्हचा, म्हणजे चार बाय पाच इंची शीटचा. लेन्स १५० मिलिमीटर, एफ ५.६ ची जुनी सिमार-एस, कोपाल शटरमध्ये. जुन्या शटरचे मंद वेग बहुतेक वेळा ढिले पडलेले असतात. फोनच्या स्लो मोशनमध्ये एक सेकंद, अर्धा, पाव असे रेकॉर्ड करून फ्रेम मोजायच्या आणि खरे आकडे लेन्सबोर्डाच्या मागे चिकटवून ठेवायचे. वेग चुकीचा असला तरी दर वेळी तेवढाच चुकत असेल तर काम अडत नाही.

बंद पडलेल्या स्टुडिओचा जुना लाकडी कॅमेरा स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असंही कोणी कोणी विचारतं. केरळातल्या आलेप्पीत बनलेले वागीश्वरी कॅमेरे एकेकाळी भारतभर स्टुडिओंत होते आणि त्यांचं सुतारकाम आजही बघत राहावं असं आहे. पण पैसे देण्याआधी मागचा साचा मोजा. स्टुडिओंत हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, नाहीतर फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच चालायची. या मापांची फिल्म सहज मिळत नाही आणि फोर बाय फाइव्हचा होल्डर तिथे बसत नाही. मागची चौकट नवीन करून देणारा सुतार ओळखीचा असेल तरच घ्या, आणि त्याला एक गोष्ट बजावून सांगा: ज्या काचेवर बघून फोकस करतात त्या ग्राउंड ग्लासची खरबरीत बाजू आणि होल्डरमधल्या फिल्मची पातळी तंतोतंत जुळली पाहिजे. बेलोजची, म्हणजे लेन्स आणि काचेमधल्या घड्यांच्या भात्याची, परीक्षा अंधाऱ्या खोलीत, आत टॉर्च लावून. घड्यांचे कोपरे नीट बघा, कोरड्या उन्हाळ्यात चामडं तिथूनच फाटतं.

सराव मी एक्स-रे फिल्मवर केला आणि नव्या माणसाला तोच सल्ला देईन. वैद्यकीय सामानाच्या दुकानात आठ बाय दहा इंची, हिरव्या प्रकाशाला संवेदनशील फिल्म मिळते. लाल दिव्यात एका शीटचे चार तुकडे करायचे, होल्डरमध्ये अडकले तर कडेने एक-दीड मिलिमीटर छाटायचं. दिवसाच्या उजेडात मी तिची संवेदनशीलता ८० आयएसओ धरतो. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ती बरीच मंदावते, कारण लाल तिला दिसतच नाही. आकाश पांढरं फटक येतं, लाल चादर काळी येते. पण लाल दिव्याखाली ट्रेमध्ये चित्र उमटताना डोळ्यांनी बघता येतं, आणि डेव्हलपिंग म्हणजे नेमकं काय घडतं हे त्याहून चांगलं कशानेच कळत नाही. इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, दोन्ही बाजूंना असतं आणि मऊ असतं, म्हणून ट्रेच्या तळाशी सपाट काच ठेवा, नाहीतर ओरखडे नक्की.

आता धूळ. सोलापूरच्या हवेत मातीबरोबर कापसाचे तंतूही असतात. यंत्रमागाच्या वस्तीत राहत असाल तर जास्तच. डार्क क्लॉथ म्हणून, म्हणजे फोकस करताना डोक्यावर घ्यायचं कापड म्हणून, सोलापुरी चादर वापरायचा मोह आवरा. तिचे तंतू थेट काचेवर आणि होल्डरवर येतात. मी घट्ट विणीचं सुती कापड शिवून घेतलंय, आतून काळं, बाहेरून पांढरं. एप्रिलमध्ये काळ्या कापडाखाली डोकं घालून फोकस करणं अशक्य होतं, पांढऱ्या बाजूने बराच फरक पडतो. होल्डर भरायचं काम पहाटे, बाथरूममध्ये, भिंतींवर आणि जमिनीवर आधी पाणी मारून. ओलसर हवेत धूळ खाली बसते, आणि हाताला घामही कमी असतो. उभ्या धरलेल्या शीटच्या कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन तुमच्याकडे आहे. डार्क स्लाइडची, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाची, पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. भरलेला प्रत्येक होल्डर वेगळ्या झिप पिशवीत. डार्क स्लाइड हळू ओढा. कोरड्या हवेत झटक्याने ओढली की स्थिर वीज तयार होते आणि धूळ फिल्मकडे खेचली जाते.

कॅमेऱ्याच्या हालचालींचा, म्हणजे लेन्सचा बोर्ड उचलण्या-झुकवण्याचा, अभ्यास करायला आपल्याकडे जागांची कमी नाही. महापालिकेच्या इंद्रभुवनसमोर उभं राहा: इमारत नक्षीदार, उंच, आणि मागे सरकायला फारशी जागा नाही. कॅमेरा वर न वळवता पुढचा बोर्ड उचलायचा, म्हणजे उभ्या रेषा उभ्याच राहतात. किती उचलता येईल हे लेन्सच्या प्रतिमावर्तुळावर, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते त्यावर, ठरतं. सिमार-एस १५० चं वर्तुळ एफ २२ ला सुमारे २१० मिलिमीटर आहे. उभ्या फ्रेममध्ये साधारण ३३ मिलिमीटर, आडव्या फ्रेममध्ये ३८ पर्यंत जागा मिळते. त्यापुढे कोपरे काळे पडतात. ग्राउंड ग्लासच्या कापलेल्या कोपऱ्यांतून बघून लेन्सचं भोक पूर्ण दिसतंय ना, एवढी खात्री केली की पुरे.

टिल्ट, म्हणजे लेन्स पुढे झुकवणं, शिकायला हिप्परग्याचा तलाव. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की भेगाळलेली सपाट जमीन मिळते, पायापासून क्षितिजापर्यंत. लेन्स जमिनीपासून दीड मीटर वर आणि फोकल लेंग्थ १५० मिलिमीटर असेल तर टिल्ट सहा अंशांपेक्षा किंचित कमी लागतो. लेन्स कमरेच्या उंचीवर आणली तर कोन वाढतो. लेन्स झुकवली की फोकसची पातळीही झुकते; हे शाइम्पफ्लुगचं तत्त्व, ज्याचं पेटंट १९०४ सालचं आहे. टिल्ट केल्यावर उभ्या वस्तूंचे शेंडे फोकसबाहेर जातात, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान करावंच लागतं (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान). किती, त्याचा माझा हिशेब साधा आहे. कॅमेऱ्याच्या रुळावर मिलिमीटरची पट्टी चिकटवलीय. सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या बिंदूवर फोकस करून दोन आकड्यांतला फरक घ्यायचा, त्याला ५ ने गुणायचं. फरक ४ आला तर एफ २०, म्हणजे एफ २२ लावा, मोठी प्रिंट करायची असेल तर एफ ३२. फोकस दोन आकड्यांच्या मधोमध. दुपारनंतर तिथे वारा सुटतो आणि बेलोज शिडासारखं फुगतं. सकाळी आठच्या आत आटोपा.

मागाच्या शेडमधलं काम सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात जवळचं. माग चालू असताना फरशी थरथरते, ट्रायपॉड कितीही जड असो. शेडचे मालक अण्णा स्वतःहून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत ये, सगळे माग बंद असतात." त्या सुट्टीत मागाच्या बीमवर (सूत गुंडाळलेल्या रुळावर) ठेवलेला धोटा जवळून घेतला. जवळून घेताना बेलोज लांबतं आणि प्रकाश कमी होतो. शिंप्याची टेप लावून लेन्सबोर्डपासून काचेपर्यंत मोजलं: १९० मिलिमीटर. १९० भागिले १५०, त्याचा वर्ग, म्हणजे १.६ पट. लाइट मीटर एफ २२ ला ४ सेकंद सांगत होता, ते झाले ६.४. मग फिल्मची मंदी: एक्सपोजर लांबलं की फिल्म प्रकाशाला कमी दाद देते. माझ्या एफपी४ या कृष्णधवल फिल्मसाठी तिची कंपनी इल्फर्ड १.२६ चा घात देते, म्हणून ६.४ चे झाले साधारण साडेदहा सेकंद. क्रम हाच ठेवा, आधी बेलोज, मग मंदी. फोमा १०० ही फिल्म वापरत असाल तर सावध, तिला मीटरच्या १० सेकंदांना ८० द्यावे लागतात. तोवर जेवणाची सुट्टी संपते!

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. डेव्हलपिंगच्या वेळेचे जगभरचे तक्ते २० अंशांचे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. बर्फ टाकून २० वर आणता येतं, पण फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी ३५ वर राहिलं तर जिलेटिनला झटका बसतो, इमल्शनला सुरकुत्या पडू शकतात. सगळी द्रावणं एकमेकांच्या एक-दोन अंशांत असणं हे २० च्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. म्हणून मी वर्षभरासाठी २४ अंश ठरवून टाकले. त्यासाठी माठ. सोलापूरची कोरडी हवा माठाला फार मानवते. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या रात्री माठाच्या पाण्यात सोडायच्या, वर ओलं फडकं. पहाटे सगळं २४-२५ वर आलेलं असतं. फरक राहिला तर बर्फाची बंद पिशवी बाहेरून लावायची, बर्फ द्रावणात नाही.

एफपी४ ला डी-७६ हा डेव्हलपर एकास एक पातळ करून २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २४ ला ती पावणेआठच्या आसपास येतात. तेवढ्या वेळात डेव्हलपमेंट सारखी होते. त्याहून गरम केलं आणि वेळ पाच मिनिटांखाली गेला की आकाशात ढगासारखे डाग येतात. उजेडबंद टँक पॅटरसन कंपनीचा, आत शीट धरून ठेवणारा मॉड५४ साचा, सहा शीट, एक लिटर. पहिली दहा सेकंद चार वेळा उलटा, मग दर मिनिटाला तसंच. डी-७६ घरी बनतं: मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, एक लिटर पाणी. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट घाला, पण सगळं सल्फाइट नको, नाहीतर मेटॉल विरघळत नाही. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. हातमोजे घाला, मेटॉलने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो.

धुण्याबद्दल. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तिथे अर्धा तास नळ सोडून ठेवणं मनाला पटत नाही. इल्फर्डची पद्धत सोलापूरसाठीच सांगितल्यासारखी आहे: टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. तीन लिटरमध्ये सहा शीट धुऊन होतात. फिक्सर मात्र हार्डनर नसलेला रॅपिडच हवा. शेवटी आरओच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन थेंब, कारण जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघत नाहीत. वाळवायचं त्याच ओल्या भिंतींच्या बाथरूममध्ये, दार लावून, पंख्याशिवाय.

आता एफपी४ चं २५ शीटचं खोकं फ्रीजमध्ये आहे. उघडण्याआधी दोन तास बाहेर ठेवा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. अण्णांनी शेडमध्ये स्वतःचं पोर्ट्रेट काढायला होकार दिलाय. माणूस दहा सेकंद स्थिर बसणार नाही, म्हणून त्या दिवशी जास्त वेगवान एचपी५ फिल्म, एफ ८ आणि पूर्वेची खिडकी. डोळ्यांच्या पातळीत किंचित स्विंग देऊन, म्हणजे लेन्स आडवी थोडी वळवून, दोन्ही डोळे धारदार येतात का, ते बघायचंय.