‘बस’ म्हणजे नक्की काय?

आमचं कुत्र्याचं पिल्लू गोट्या घरी आला तेव्हा नऊ आठवड्यांचा होता आणि पहिल्या पंधरवड्यात त्याला ‘बस’ शिकवून टाकायचं असं मी ठरवलं होतं, कारण व्हिडिओंमध्ये सगळ्यांची पिल्लं दोन दिवसांत बसायला लागतात. ट्रीट, म्हणजे खाऊचा छोटा तुकडा, नाकासमोर धरायची, हळूच डोक्यावरून मागे न्यायची, नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं, टेकल्या क्षणी ‘शाब्बास’ आणि ट्रीट तोंडात. हे त्याला दहा मिनिटांत जमलं, खरंच. पण हात मागे ठेवून नुसतं ‘बस’ म्हटलं की साहेब ढिम्म. शेपटी हलवत माझ्याकडे बघत उभे.

मला वाटलं बुद्धीने जरा बेताचाच दिसतोय.

मग एकदा रात्री जेवताना सासऱ्यांना वाढत होते आणि ते ‘बस, बस, बस, पुरे’ म्हणाले, आणि माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोजलं. ‘बस झालं हं आता’, ‘बस चुकली’, मुलीला ‘जरा शांत बस’, फोनवर ‘बस, बाकी काही नाही’. दुपारपर्यंत वीसच्या वर गेले आणि मोजणं सोडून दिलं. म्हणजे हा शब्द बिचाऱ्याच्या कानावर दिवसभर पडतोय आणि त्यातल्या तीनचार वेळाच पुढे काहीतरी घडतंय. त्याच्या लेखी तो पंख्याच्या आवाजासारखाच झाला असणार. वर घरात एकवाक्यता शून्य. मी ‘बस’, नवरा ‘सिट’, मुलगी ‘सिट डाऊन’ (आणि झोपवायचं असेल तेव्हाही ‘डाऊन’!), आणि बाबा, म्हणजे सासरे, ‘बैस रे बाळा, बैस, दमलास का’.

कुत्र्याला शब्दाचा अर्थ कळत नसतो, शब्दाच्या पाठोपाठ काय होतं ते कळतं. हे वाचलेलं होतं, पण घरात लागू करायचं असतं हे डोक्यात आलं नव्हतं. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला. बसायला ‘बैस’, कारण तो शब्द आमच्याकडे बाबा सोडून कुणी वापरत नाही आणि बाबा ऐकणार नव्हतेच. आडवं व्हायला ‘झोप’. तोंडातलं टाकायला ‘सोड’. आणि अजून एक गोष्ट बदलली, आधी शब्द म्हणायचा, एक सेकंद थांबायचं, मग हात हलवायचा. दोन्ही एकदम केलं की कुत्रा हाताकडेच बघतो, शब्द वाया जातो. चार दिवसांत ‘बैस’ पक्कं झालं. बुद्धीने बेताचं कोण होतं ते सांगायला नको.

सू-शीचं प्रकरण मात्र चार दिवसांत वगैरे झालं नाही, दोन महिने गेले. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, तितके तास ते फार फार तर धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण हे झोपलेलं असताना. जागं असलं, खेळत असलं तर तासाभरातच लागते. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की, उचलून बाहेर. मी रात्री दोनचा अलार्म लावायचे आणि अर्धवट झोपेत त्याला घेऊन बाहेर उभी राहायचे, आणि तो पानांचा वास घेत बसायचा. बाहेर केली की तिथेच, त्याच जागी कौतुक, खाऊ. घरात आल्यावर ट्रीट दिली तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाली. आणि झाल्या झाल्या उचलून आत आणायचं नाही, पाच मिनिटं फिरू द्यायचं, नाहीतर ‘सू केली की मजा संपते’ हे तो पटकन शिकतो आणि मग धरून ठेवतो. आमचा तेच शिकला होता, बाहेर वीस मिनिटं टंगळमंगळ आणि आत आल्या आल्या पायपुसण्यावर.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. एकदा बाहेरून आले, सोफ्यापाशी तळं. मी ओरडले, त्याला तिथे नेऊन दाखवलं, त्याने कान पाडले, मान वळवली, आणि मी नवऱ्याला म्हटलं बघ, कळतंय त्याला काय केलंय ते. कळत नव्हतं. कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ सालचा एक प्रयोग आहे, मालकाने कुत्र्याला खाऊ खायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तर तो अपराधी चेहरा कुत्र्याने गुन्हा केलाय की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. निरपराध असून ओरडा खाल्लेल्यांचे चेहरे तर उलट जास्तच अपराधी. गोट्या माझ्या आवाजाला घाबरला होता, बस. आणि त्यातून तो शिकला काय, तर माणसांसमोर सू करणं धोक्याचं. पुढचा आठवडाभर पडद्यामागे गुपचूप कार्यक्रम चालला आणि बाहेर माझ्यासमोर करेना. स्वतःच्या हाताने करून ठेवलेलं निस्तरायला मला दुप्पट वेळ लागला. आत झालीच तर गप पुसायचं. पुसायलाही एन्झाइमवालं, म्हणजे वासाचं मूळच मोडून टाकणारं क्लीनर आणायचं, अमोनियावालं नको, त्याचा वास सूच्या जवळपास जातो आणि त्याला वाटतं ही आपली जागा.

चावण्याबद्दल सगळेच विचारतात. पिल्लाचे दुधाचे दात अठ्ठावीस असतात आणि सुईसारखे असतात, साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के बेचाळीस येतात. तोवर घरातला प्रत्येक हात आणि प्रत्येक पायजमा त्याचाच. ओरडून काही होत नाही, किंचाळलं तर काही पिल्लं थांबतात आणि काहींना अजून चेव येतो, आमचं या दुसऱ्या प्रकारातलं. चालला तो उपाय अगदी कंटाळवाणा होता, दात लागला की खेळ बंद, हात काढून घ्यायचा, उठायचं, अर्धा मिनिट दाराच्या पलीकडे जायचं, परत यायचं, हातात खेळणं द्यायचं. दिवसातून तीस वेळा. मुलीला हे पटायला वेळ लागला कारण तिला तो मागे लागलेला आवडायचा, पळायला मजा यायची, आणि पळणारा माणूस म्हणजे त्याच्या दृष्टीने जगातलं सगळ्यात भारी खेळणं.

पण खरा उलगडा वेगळाच निघाला. रोज संध्याकाळी सात-साडेसातला त्याच्या अंगात यायचं. सोफ्यावरून उड्या, घोट्याला दात, डोळे मोठे, काही ऐकायचं नाही. आम्ही म्हणायचो एनर्जी जास्त आहे, अजून खेळवा, आणि खेळवलं की अजून बिथरायचा. व्हेटनी विचारलं झोपतो किती? या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात म्हणे. आमच्याकडे कसली झोप, जरा डोळा लागला की कुणीतरी जाऊन ‘किती गोड’ म्हणून गालाला हात लावणार. पोर झोपेला आलं की कसं किरकिर करतं, तेच हे, फक्त याला दात आहेत. मग सहा वाजता क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात, वरून चादर, दिवा मंद, चघळायला काहीतरी. पहिल्या दिवशी दोन मिनिटं कुरकुर केली आणि दीड तास झोपला. सात वाजताचं भूत आठवड्याभरात उतरलं. क्रेटमध्ये आधी जेवण देऊन देऊन ती जागा आवडती करून ठेवली होती हे मात्र महत्त्वाचं, रागावून कोंडायची जागा केली की संपलं.

‘ये’ या शब्दाची वाट बाबांनी लावली, प्रेमाने लावली. तो अंगणात रमला की ‘ये रे ये रे’ करून बोलवायचे आणि आला की पट्टा लावून घरात. आंघोळीलाही तीच हाक, कानात औषध घालायलाही तीच. तीन आठवड्यांत ‘ये’ ऐकलं की गोट्या उलट्या दिशेने. काय चुकलं त्याचं? मी असते तर मीही पळाले असते. तो शब्द टाकूनच दिला. नवा शब्द घेतला, ‘इकडे’, आणि नियम केला की ‘इकडे’नंतर फक्त चांगलंच होणार, कायम. आंघोळ घालायची असेल तर आपण उठून त्याच्यापर्यंत जायचं. आला की खाऊ द्यायचा आणि दहातल्या नऊ वेळा परत सोडून द्यायचं, जा, खेळ. आधी दोन हातांवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग बाहेर लांब दोरी लावून. उशिरा आला तरी रागवायचं नाही, कितीही डोकं फिरलेलं असलं तरी, हे मला सगळ्यात अवघड गेलं.

जेवताना भुंकण्याचं गणित मजेशीर आहे. आम्ही तिघं लक्ष द्यायचो नाही, पण बाबा दहादा भुंकला की एकदा टेबलाखालून काहीतरी सरकवायचे, ‘एवढंसं तर दिलं’. दर वेळी दिलं असतं तर बंद करणं सोपं होतं. कधी मिळतं कधी नाही असं असलं की सवय जास्त चिवट होते, मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर हे दाखवून ठेवलंय, आणि लॉटरीवाल्यांचाही धंदा यावरच चालतो. बाबांनी शपथ घेतली आणि बंद केलं, तर पहिले चार दिवस भुंकणं वाढलं. इथेच सगळे हरतात. नेहमी चालणारं बटण चाललं नाही की आपण काय करतो, जोरजोरात दाबतो. त्या चार दिवसांत एकदा जरी दिलं असतं तर ‘अजून जोरात भुंकायचं’ हे शिकून बसला असता. आम्ही तग धरला. आणि नुसतं दुर्लक्ष नाही, त्याला करायला दुसरं काम दिलं, चटईवर आडवं झालास तर चटईवर खाऊ येतो. टेबलापाशी कधीच नाही.

बाकी ओळखीतल्या एका काकांचा सल्ला होता की घरात सू केली की त्यात नाक घास, पाठीवर पाडून दाबून धर, बॉस कोण ते कळू दे. या बॉसगिरीचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासात आहे, पण ते लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीही आधी तीच भाषा वापरली होती, पुढे रानातले कळप वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की तो बहुतेक वेळा सरळ आईबाप आणि पोरांचा संसार असतो. काकांना मी हे सांगितलं नाही, चहा दिला.

जगाची ओळख करून देण्याचा काळ फार छोटा असतो, साधारण तीन ते चौदा आठवडे, आणि पंचाईत अशी की लसी सोळा आठवड्यांपर्यंत चालू असतात, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणाऱ्या संसर्गाची, भीती खरी असते. आम्ही व्हेटना विचारून त्याला कडेवर घेऊन फिरलो. जमिनीवर नाही ठेवलं, अनोळखी कुत्र्यांत नाही नेलं. छत्री, हेल्मेट, काठीवाले आजोबा, रडणारं बाळ, हे सगळं लांबून, खाऊ खात खात. घाबरला तर अजून लांब जायचं, ‘काही नाही होत’ म्हणून पुढे ढकलायचं नाही. मिक्सर राहिला. मिक्सरला अजून भुंकतो.

आठव्या महिन्यात सगळं विसरला. ‘बैस’ म्हटलं की असा बघायचा जणू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय, आणि शेजारची मुलगी म्हणाली की लगेच बसायचा! मला जाम अपमान वाटला. मग कळलं की २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाइड डॉग, म्हणजे अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे, म्हणून वाढवलेल्या कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं होतं, पाच महिन्यांचे असताना ऐकणारे आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं ‘सिट’ कमी ऐकत होते, परक्याचं नाही. वयात आलेली पोरं. आम्ही पुन्हा खिशात ट्रीट ठेवायला लागलो, पुन्हा लांब दोरी, महिना-दीड महिन्यात गाडी रुळावर आली.

एक काम मात्र लहानपणी टाळलं ते आता भोगतेय. पंजे हातात घेणं, बोटं उघडून बघणं, नेल कटरचा नुसता आवाज ऐकवून खाऊ देणं, हे रोज एक मिनिट करायला हवं होतं, मी म्हटलं बघू नंतर. आता अठरा नखं आहेत आणि कटर दिसला की तो पलंगाखाली. सध्या रोज फक्त कटर जमिनीवर ठेवते, तो बघतो, खाऊ मिळतो, कटर परत कपाटात. अशी दोन आठवडे तपश्चर्या केल्यावर काल एक नख कापू दिलं. आज पुन्हा पलंगाखाली.