बादल्या मोजा, मग मशीन ठरवा

आमच्या कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या तीन जुन्या सोसायट्या मिळून रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. सहकार कायद्यातल्या ७९-अ चे (रिडेव्हलपमेंटच्या नियमांचे) सोपस्कार झाले, बिल्डर जवळजवळ ठरला, आणि परवाच्या मीटिंगला त्यांच्याकडचा एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, काका, तिन्ही बिल्डिंगला मिळून एकच कोजन (एकाच जळणातनं वीज आणि उष्णता दोन्ही काढणारं मशीन) बसवू, पाईप गॅसवर १०० किलोवॅटचं इंजिन, लिफ्ट-पंपाची वीज त्यातनं आणि गरम पाणी फुकट. फुकट म्हटल्यावर सगळ्यांचे चहाचे कप हातातच राहिले. पण मी २२ वर्षं साखर कारखान्यात कोजनवर काढलीत, मला काय गप्प बसवेना.

कारखान्यात उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बगॅस, म्हणजे चोथा, निघतं, ते बॉयलरला जातं, वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि मग तीच वाफ रस आटवायला. एका जळणात दोन कामं. हे जमतं कारण सीझनभर रस चोवीस तास आटतच असतो. गॅस इंजिनचं पण तेच, गॅसमधल्या ३५-४० टक्क्यांची वीज होते, बाकीची बरीचशी उष्णता जॅकेटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या) पाण्यातनं आणि धुराड्यातनं निघते, ती घेणारं कोण असेल तर एकूण ८० टक्क्यांपर्यंत वापर होतो. घेणारं कोण नसेल तर तो नुसता महागडा जनरेटर.

मग मी त्याला विचारलं, दादा, १०० किलोवॅट कशावरनं काढलंस? म्हणे विजेच्या लोडवरनं. इथंच गणित उलटं झालं बघा. कोजन उष्णतेवरनं ठरवायचं, वीज काय कमी पडली तर महावितरणची आहेच की.

घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर मांडलं. ९६ फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी ३० लिटर गरम पाणी, २२ डिग्रीवरनं ४५ ला न्यायचं. दिवसाला सुमारे ३०८ युनिट उष्णता झाली (विजेचं असतं तेच युनिट, किलोवॅट-तास). ते १०० किलोवॅटचं इंजिन तासाला साधारण १२५ युनिट उष्णता देणार, म्हणजे अडीच तासात सगळ्या कोल्हापूरकरांच्या आंघोळी उरकल्या (सगळ्या म्हणजे आमच्या) आणि उरलेले साडेएकवीस तास मशीन एकतर बंद नाहीतर रेडिएटरनं उष्णता हवेत. लंडनला पिम्लिको भागात १९५० पासून बॅटरसी वीज केंद्राची उष्णता थेम्सच्या पलीकडनं पाईपनं घराघरात जायची, केंद्र १९८३ ला बंद पडलं तरी ते नेटवर्क चालूच राहिलं. पण तिथं हिवाळाभर घरं गरम ठेवावी लागतात, आपल्याकडं थंडी म्हणजे स्वेटर आणि दोन महिने.

त्यात पाईप. तीन बिल्डिंगला फिरणारी ४०० मीटरची लाईन, चांगलं इन्सुलेशन करून मीटरला १० वॅट जरी गेले तरी दिवसाला ९६ युनिट जमिनीत. आंघोळीच्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा! ह्यावर त्या स्लाईडमध्ये एक ओळ नव्हती.

तरीपण मी सरळ नको म्हणालो नाही. शेजारच्या प्लॉटवर हॉस्पिटल आहे, त्यांची लाँड्री, वॉर्डातलं गरम पाणी, किचन हे दिवसभर चालतं. माझ्या अंदाजानं त्यांची दिवसाला ४००-५०० युनिट उष्णतेची मागणी मिळाली तर ३० किलोवॅटचं छोटं इंजिन रोज १८ तास सलग चालेल, आणि ते चाललं तरच पैसे वसूल. सोबत एक मोठी गरम पाण्याची टाकी, म्हणजे रात्री साठवायचं आणि सकाळी ६ ते ८ ची झुंबड निभवायची. उन्हाळ्यात त्याच उष्णतेवर व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन लावून हॉस्पिटलला एसी पण देता येईल, पण ते खर्चाचं काम, नंतर बघू. हॉस्पिटल नाही म्हणालं तर मात्र सोलर आणि हीट पंप (हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं यंत्र), कोजनचं नावच काढू नये.

अजून एक. नकाशात प्लांट रूम बेसमेंटला! २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कुठवर आली ते ह्या पोराला कोण सांगणार, आमच्या पार्किंगातल्या गाड्या आम्ही दोरीनं ओढून काढल्यात. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, घे म्हटलं, आवाज आणि हादरे सांभाळायला खाली रबरी माउंट टाक. आणि प्रत्येक फ्लॅटला हीट मीटर, नाहीतर दोन माणसांच्या घरानं दहा माणसांच्या आंघोळीचं बिल का भरायचं ह्यावरनं दर महिन्याला तालीम होणार.

आता मी एक फॉर्म वाटलाय, घरात माणसं किती, बादल्या किती, आंघोळीची वेळ काय. वरच्या मजल्यावरच्या काकींनी लिहिलंय, बंब तापवते, गच्चीवर जागा ठेवा. एका घरानं बादल्यांपुढं ८ लिहून खाली वेळेच्या रकान्यात 'पहाटे ४, गार पाण्यानं' लिहिलंय. त्यांचा पोरगा पैलवान आहे.