आमची वाटचाल: वैमानिकांचं जाकीट, बायकांच्या मापाचं

पहिल्यांदा येणारी बाई आमचं जाकीट बघून हमखास विचारते, "हे जेंट्सचंच लहान साइजमध्ये केलंय ना?" नाही हो. तेवढंच असतं तर लक्ष्मी रोडवर मुलांच्या विभागात सगळं मिळतं, आमची गरजच नव्हती.

माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, पुण्यात शिवणक्लास चालवायच्या आणि मी एका कापडदुकानाचे हिशेब लिहायचे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको करणारे गल्लोगल्ली आहेत. त्यात आणखी एक पाटी लावण्यात आम्हा दोघींनाही रस नव्हता. वन्संना नाद होता तो जुन्या वैमानिक बायकांच्या फोटोंचा. चामड्याचं जाकीट, ब्रीचेस (मांडीला फुगीर, गुडघ्याखाली घट्ट विजार), गुडघ्यापर्यंत बूट. बघायच्या मात्र शिवण. "बाही बघ कुठे जोडलीये," हे त्यांचं पालुपद.

त्यातली अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्ट आमची गुरू ठरली, तीही विमानापेक्षा धंद्यामुळे. १९३४ मध्ये तिने स्वतःच्या नावाने कपडे काढले. न्यूयॉर्कला मेसीज आणि शिकागोला मार्शल फील्ड या मोठ्या दुकानांमध्ये ते मिळत. पॅराशूटचं रेशीम, घरी धुता येणारं कापड, विमानाच्या पंख्यासारखी बटणं. शर्ट खाली इतका लांब की कितीही वाका, खोचलेला सुटायचा नाही. आणि जाकीट एका मापाचं, स्कर्ट दुसऱ्या मापाचा, असं घेता यायचं. हे वाचलं आणि मी वन्संना म्हटलं, आपलं दुकान यावरच चालेल. वरून ३६ आणि खालून ४२ असलेल्या बायकांना तयार कपड्यांनी कायम रडवलंय. तिचा तो धंदा मंदीच्या काळातला, फार टिकला नाही, हेही सांगून ठेवते.

मास्तर आमच्याकडे आले ते सूट शिवणाऱ्या दुकानातून. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, जेंट्सचा मुंढा लेडीजला चालत नाही." मुंढा म्हणजे बाही जोडायचा घेर. पुरुषी कटिंग नुसतं लहान केलं की खांदा लोंबतो, छातीवर दोन बटणांमध्ये फट पडते आणि सीटवर कापड ताणतं. आम्ही डार्ट (छातीच्या उभारासाठी कापडाला घालतात ती निमुळती चिमटी) घेतला, पण दिसू दिला नाही. खांद्याच्या जोडात आणि खिशाच्या शिवणीत जिरवला. फट पडते तिथे आतून प्रेस-बटण. छातीवरचे फुगीर खिसे खाली मांडीवर उतरवले, वर ते मुळीच शोभत नाहीत (वन्संना हे अजून मान्य नाही). बटणपट्टी तेवढी पुरुषांसारखी, डावी बाजू वर, तशीच ठेवली.

सगळ्यात वेळ खाल्ला पाठीने. अमेरिकी नौदलाच्या जुन्या जाकिटांना खांद्यांमागे दोन्हीकडे चुणी असते. हात पुढे गेला की उघडते, मागे आला की मिटते. नुसती चुणी घातली तर ती लोंबत राहते, म्हणून आम्ही आतून इलॅस्टिक लावतो, आणि ते किती ताणायचं यावरून मास्तर आणि वन्सं यांचे कडाक्याचे वाद झाले. आता स्कूटरचं हँडल धरलं तरी जाकीट पाठीवर चढत नाही. आमची गिऱ्हाइकं गाडीवरचीच. पुण्यात तोंडाला स्कार्फ आणि डोळ्यांवर गॉगल लावून निघालेली मुलगी निम्मी वैमानिक असतेच! पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांचा रेशमी स्कार्फही मिरवण्यापुरता नव्हता. शत्रूचं विमान शोधायला मान सारखी वळवावी लागे आणि खरखरीत कॉलरने ती सोलवटून निघे. शिवाय इंजिनात वंगण म्हणून घातलेलं एरंडेल बाहेर उडे, ते गॉगलवरून पुसायला तोच हाताशी. आमचे स्कार्फ मलमलचे.

मेंढीच्या कातड्याचं अस्तर उघड्या कॉकपिटमधल्या थंडीसाठी ठीक. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्यात बाई भाजून निघेल. म्हणून इचलकरंजीहून सुती ट्विल आणि धारावीतून चामड्याचे पट्टे आणतो. अख्खं चामड्याचं जाकीट फक्त ऑर्डरवर. ब्रीचेस मुळात घोडेस्वारांच्या, घोड्यावरून विमानात गेलेल्या. आमच्याकडे खपल्या नाहीत.

एका मोठ्या दुकानाने माल विक्रीला ठेवून घेतला आणि पैशांसाठी फिरवत राहिलं. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ, मग ओळखीचं असो वा नसो.

एका प्रदर्शनात एक आजी म्हणाल्या, "का गं, विमान साडीत उडत नाही का?" उडतं की. आपल्याकडच्या सुरुवातीच्या वैमानिक सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, जिप्सी मॉथ नावाचं विमान साडी नेसूनच उडवलं होतं. म्हणून 'मोकळेपणा' वगैरे शब्द आम्ही जाहिरातीतून काढून टाकले. आता खिसे किती आणि त्यात मोबाइल मावतो का, एवढंच लिहितो.

सध्या गाडी अडलीये ती अखंड पोशाखावर, म्हणजे वर-खाली एकच असलेल्या सुटावर. मागणी भरपूर, पण प्रत्येकीचा प्रश्न एकच: बाथरूमला जायचं कसं? १९११ मध्ये अमेरिकेत वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली बाई हॅरिएट क्विम्बी, तिने आपला जांभळा सॅटिनचा पोशाख स्कर्टही होईल असा शिवून घेतला होता. आम्ही कंबरेला मागून चेन लावून बघतोय. मास्तर म्हणतात, बसल्यावर टोचेल, बटणं लावा. वन्सं म्हणतात, घाईत बटणं कोण सोडवत बसणार? दोन्ही नमुने शिवायला टाकलेत. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत ठरवावं लागेल.