नाशिकची वाइन सहल: आधी बाग, मग पेला

नाशिकच्या वाइनरी बघायच्या असतील तर जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात एवढाच काळ धरा. बाकी वर्षभर वाइनरी उघड्या असतात, चव घेता येते, गंगापूर धरणाच्या बाजूचा मावळतीचा उजेडही तोच असतो. पण वेलीवर द्राक्षं नसतात आणि शेडमध्ये गडबड नसते. आम्ही फेब्रुवारीत, तेही मंगळवारी गेलो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई वाइनला शिवत नाहीत. पण त्यांचं माहेर तासगावचं, अख्खं लहानपण द्राक्षबागेत गेलेलं. आमच्या गटात सगळ्यात चांगले प्रश्न त्यांनीच विचारले, म्हणून हे आधीच सांगते: घरात कुणी वाइन घेत नसेल तर त्यांना मागे ठेवून जाऊ नका.

मुंबईहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. सीएसएमटीहून सुटणारी शिर्डी वंदे भारत सकाळी नऊच्या आसपास नाशिकरोडला पोचते आणि संध्याकाळी तीच गाडी परतीला मिळते. तरी माझा सल्ला आदल्या रात्री मुक्कामाला जाण्याचा आहे. द्राक्षतोड अंधारात सुरू होते आणि ऊन तापायच्या आत आटपते. नऊच्या गाडीने येणाऱ्याला बागेत रिकामे क्रेट दिसतात.

आम्ही नाशिकमधल्याच एका छोट्या टूरवाल्याकडे नाव नोंदवलं होतं. मिनीबस, सोबत एक माहीतगार गाइड, आणि कार्यक्रमात तीनच गोष्टी: पहाटे दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बाग, मग नाशिकला परतून मिसळ, दुपारी गंगापूर रस्त्याची सुला ही वाइनरी. एका दिवसात चार-चार वाइनरी दाखवणाऱ्या सहलीही मिळतात. त्या घेऊ नका. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ बधिर झालेली असते, टाक्या सगळ्या सारख्याच दिसायला लागतात आणि निम्मा दिवस बसमध्ये जातो.

बागेत पोचलो तेव्हा उजाडत होतं. डोक्याला बॅटरी बांधलेल्या बायका शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचे घड कात्रीने कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या, टाकत नव्हत्या. मणी फुटला की रस बाहेर येतो, हवा लागते आणि वाइनरीत पोचायच्या आत माल खराब व्हायला लागतो. थंडीत तोडण्याचं कारणही तेच. खायच्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर असतो. इथे वेली तारांवर उभ्या बांधलेल्या, ओळीमागून ओळ हिरव्या भिंतींसारख्या.

सासूबाईंनी एक घड तळहातावर घेतला, उलटापालटा केला आणि शेतकऱ्याला विचारलं, "भाऊ, विरळणी केली नाही का? मणी किती बारीक राहिलाय."

"नाही काकू, याला विरळणी नाही अन् डिपिंगपण नाही. मणी मोठा झाला तर कंपनी घेणार नाही. रंग अन् चव सगळी सालीत असते. बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त."

विरळणी म्हणजे घडातले जादा मणी काढणं आणि डिपिंग म्हणजे मणी फुगावा म्हणून घड औषधाच्या पाण्यात बुडवणं. मग दोघांचं जे सुरू झालं ते गाइडलाही थांबवावंसं वाटलं नाही. नव्या फांद्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी, फळासाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी, डॉगरिज जातीच्या खुंटावरचं कलम, डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात आणि पीक पावसाळा टाळून कोरड्या हिवाळ्यात आणलं जातं. सगळी भीती असते ती अवकाळीची आणि गारपिटीची. खायच्या द्राक्षाला वजन हवं, इथे मात्र एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर रस पातळ होतो.

शेतकऱ्याने खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. काचेवर रसाचा एक थेंब, झाकण, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं: निळ्या-पांढऱ्याची सीमा बावीसच्या थोडी वर, म्हणजे रसात साखर साधारण बावीस टक्के. आम्हाला सगळ्यांना बघू दिलं. मग त्याने मणी चावून बी थुंकायला सांगितली. तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर माल तयार. हिरवी असेल तर साखर कितीही दाखवो, थांबायचं. ती द्राक्षं बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसनपेक्षा कितीतरी गोड लागतात, पण साल जाड आणि दोन-तीन बिया, त्यामुळे चार मण्यांच्या वर खाववत नाहीत. सहल ठरवताना टूरवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: बागेत नेणार का, की फक्त रस्त्यावरून दाखवणार?

मिसळ खाऊन निघा, हा सल्ला गंमत म्हणून देत नाहीये. रिकाम्या पोटी चव घ्यायला बसू नये. फक्त झणझणीत तर्री त्या दिवसापुरती बेताने घ्या. तिखटाने भाजलेल्या जिभेला नंतर काहीच कळत नाही.

वाटेत गाइडने नाशिकची गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात वाइनचा मोठा प्रयोग आधी नारायणगावला झाला, १९८० च्या दशकात, इंडाज कंपनीचा. नाशिकला राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर वेली लावल्या आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क ठरले. पलूस म्हणजे तासगावला लागूनच, त्यामुळे सासूबाईंनी मान डोलावली. पुढे शँडोसारखी फ्रेंच कंपनीही दिंडोरीत आली.

सुलात शेड, टाक्या, पिंपांची खोली आणि शेवटी चव, असा क्रम असतो. टाक्यांजवळ रेंगाळा. पांढऱ्या वाइनला द्राक्षं आधी दाबून नुसता रस थंड टाकीत आंबवतात. लालसाठी सालीसकट आंबवतात, आणि सालींचा जाड थर वर तरंगतो म्हणून खालचा रस पंपाने पुन्हापुन्हा त्यावर सोडतात. रोझेत, म्हणजे गुलाबी वाइनमध्ये, साल काही तासच ठेवतात. सकाळी हातात धरलेला बारीक मणी आठवला की हे सगळं आपोआप कळतं. म्हणूनच बाग आधी, वाइनरी नंतर. उलट क्रम असलेली सहल मिळत असेल तर बदलून मागा.

चव घेताना पेले छोटे असतात, पण पाच-सहा होतात. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. आपल्या लोकांना त्याचा संकोच वाटतो, पण ते वापरलं तरच शेवटची लाल वाइन नीट कळते. मध्ये पाणी प्या. त्या दिवशी अत्तर किंवा सेंट लावून जाऊ नका, तुमच्यासकट शेजारच्यांचाही वास बिघडतो. मला स्वतःला आपल्या हवेत शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाइन सगळ्यात जमलेल्या वाटतात. थंडगार सोव्हिन्यो ब्लाँला हिरव्या मिरचीचा आणि कापलेल्या गवताचा जो वास येतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. आपल्या तळलेल्या सुरमईबरोबर ती झकास जाते. सासूबाईंनी द्राक्षरस घेतला आणि आमच्या प्रत्येक पेल्याचा नुसता वास घेऊन मत दिलं.

काही कामाच्या गोष्टी. शनिवार-रविवारी गर्दी प्रचंड असते आणि माहिती सांगणाऱ्यालाही घाई असते. सुलाफेस्टच्या, म्हणजे सुलाच्या संगीत महोत्सवाच्या, दिवसांत हॉटेलचे दरही चढतात. २६ जानेवारी ऐन हंगामात येतो आणि तो ड्राय डे असतो, निवडणुकीच्या आसपासही तारखा तपासा. ओळखपत्र जवळ ठेवा, २१ वर्षांखालच्यांना पेला देत नाहीत. बागेसाठी बंद बूट घाला: ठिबकमुळे ओळींत चिखल असतो आणि पहाटे चांगलीच थंडी वाजते, म्हणून स्वेटरही हवा.

स्वतःची गाडी नेऊन "मी थोडीच घेईन" असं ठरवू नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो, आणि पुढे कसाऱ्याचा घाट आहे. चालकासकट गाडी असलेली सहल घ्यायचं माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण.

बाटल्या घेतल्या तर बिल जपून ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, दोन-तीन तासांत वाइन बिघडते. आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत मधोमध ठेवल्या. आणि नाशिकहून पुढे सापुताऱ्याला जाणार असाल तर बाटल्या घेऊच नका. सापुतारा गुजरातमध्ये आहे, तिथे दारूबंदी आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात. तो बेत असेल तर सापुतारा आधी करा, वाइनरी परतीच्या वाटेवर ठेवा.