बाहेर पडणारी रक्तवाहिनी अरुंद का?

उत्सर्जन संस्थेचा धडा आम्हा दहावीच्या मुलांच्या लेखी आकृतीपुरता होता. नेफ्रॉन, म्हणजे वृक्कातला (मूत्रपिंडातला) रक्त गाळणारा सूक्ष्म घटक, काढायचा, नावे द्यायची, गुण पदरात पाडून घ्यायचे. विज्ञानाच्या बाईंनी मात्र त्या आकृतीला अख्खा तास दिला. नेफ्रॉनच्या टोकाच्या पेल्यासारख्या बोमन्स संपुटात शिरणारी रक्तवाहिनी त्यांनी फळ्यावर जाड काढली, बाहेर पडणारी बारीक, आणि विचारले, "असं का असेल?" शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला त्या प्रश्नाबद्दलच लिहायचे आहे, कारण माझे पुढचे सगळे शिक्षण त्यातून सुरू झाले.

शरीरात इतरत्र केशिकांतून रक्त शिरेकडे निघून जाते. संपुटातल्या ग्लोमेरुलस या केशिकांच्या गुच्छाला मात्र दोन्ही टोकांना धमनिकाच, म्हणजे बारीक धमन्याच, असतात. येणारी रुंद, जाणारी अरुंद. त्यामुळे आत दाब टिकून राहतो आणि त्या दाबाने रक्तातला द्रव गाळला जातो. "वृक्क म्हणजे चाळणी, एवढ्यावर थांबू नका. चाळणीवर दाब कोण देतं ते शोधा," असे बाई म्हणाल्या.

वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेले तेव्हा त्या दाबाचे आकडे भेटले. ग्लोमेरुलसमधला दाब सुमारे 60 मि.मी. पारा, तो द्रव बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिने पाणी धरून ठेवतात, त्यांची ओढ 32 च्या आसपास. संपुटातला द्रव उलट दाबतो, तो साधारण 18. वजाबाकी केली की हाती उरतात जेमतेम 10! एवढ्या जोरावर दोन्ही वृक्के मिनिटाला सुमारे 125 मिलीलीटर, म्हणजे दिवसाला 180 लीटर द्रव गाळतात. शरीरात रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव, असतो तीनेक लीटर, म्हणजे तोच दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. लघवी होते एक-दीड लीटर. बाकीचे नलिका परत घेते.

मग रक्तदाब चढला-उतरला की गाळण्याचे काय होते? सरासरी रक्तदाब 80 ते 180 च्या दरम्यान असला, तर निरोगी वृक्कात गाळण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो. दाब वाढून येणारी धमनिका ताणली गेली की तिच्या भिंतीतले स्नायू आपसूक आकसतात. दुसरी यंत्रणा मला आजही थक्क करते. नेफ्रॉनची नलिका खाली जाऊन वळते आणि वर येऊन स्वतःच्याच ग्लोमेरुलसला टेकते. तिथल्या मॅक्युला डेन्सा या पेशी द्रवातले मीठ जोखतात. मीठ जास्त आले, म्हणजे गाळणे फार वेगाने चालले आहे. लगेच येणारी धमनिका आवळली जाते. मीठ कमी आले तर ती सैलावते, शिवाय रेनिन हे विकर स्रवते, त्याच्यामुळे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होते आणि ते जाणारी धमनिका अधिक आवळते. एका वृक्कात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, आणि प्रत्येकाचा हिशोब स्वतंत्र! बाईंनी यातले थोडेसे सांगून म्हटले होते, "हे दहावीला नाही, पण तुमच्या शरीरात आहे."

आता रुग्ण तपासताना या दोन धमनिका रोज समोर येतात. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले, की येणारी धमनिका उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीराचीच रसायने धडपडत असतात. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके नेमकी तीच रोखतात आणि गाळणे एकदम घसरू शकते. म्हणून अशा वेळी ती गोळी मनाने घेऊ नका, हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगते.

मधुमेहात उलटे घडते. ग्लोमेरुलसमधला दाब वर्षानुवर्षे चढा राहतो, चाळणी झिजते, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. तेव्हा आम्ही अँजिओटेन्सिनला अडवणारी औषधे देतो. जाणारी धमनिका सैलावते आणि आतला दाब उतरतो. सुरुवातीला रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे वृक्के गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, थोडे वाढते, ते पाहून घरचे घाबरतात. पोटॅशियम ठीक असेल आणि ती वाढ मर्यादेत असेल, तर आम्ही औषध चालूच ठेवतो. दाब उतरल्याचीच ती खूण असते.