रॅपर ढगळ, मग अंगावर बसतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच: व्हिक्टोरियन बायकांचा घरात घालायचा गाऊन, म्हणजे रॅपर, आपल्या मॅक्सीसारखा सरळ शिवला तर चालेल का? घालायला चालेल, पण १८८०-९०च्या फोटोंतला बाक त्याला येणार नाही. वरून ढगळ दिसणाऱ्या बऱ्याच रॅपरच्या आत कमरेपर्यंत घट्ट आस्तर असतं, आणि भार तेच पेलतं.

म्हणून आधी आस्तर. मांजरपाट पाण्यातून काढून मगच बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड खांद्यापाशी फुगतं. आत कॉर्सेट (कमर आवळणारं घट्ट अंतर्वस्त्र) घालणार की नाही, हे माप घेण्याआधी ठरवा. टक्स घालून आस्तर अंगाबरोबर करा, पुढे काज-बटणं. वरचं कापड त्याला फक्त गळा, खांदे, मुंढे आणि बाजूच्या शिवणींत जोडायचं. पुढचे भाग गळ्याखाली मोकळे सोडायचे.

खरी गंमत पाठीवरच्या वातो प्लीटची. ही दुहेरी बॉक्स प्लीट, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोनदा आत दुमडलेली रुंद चुणी. वरून १० सेमी दिसायला हवी असेल तर ५० सेमी कापड लागतं, म्हणजे घडीवर बेतताना २५ सेमी. मानेखाली हातभर नव्हे, जेमतेम वीतभर ती आस्तराला हाताने टाचा आणि पुढे सोडून द्या. इथेच घोळ होतो: मागच्या घेराच्या वजनाने गळा मागे ओढला जातो, कॉलर घशाला लागते, पुढचा घेर वर उचलतो. मग लोक मागचा घेर कापत बसतात. त्याने काही होत नाही. आस्तराच्या आत, कमरेवर, पाठीच्या शिवणींना अडीच सेमी रुंद पट्टी टाचा आणि पुढे हुकाने आवळा. घालताना आधी हूक, मग आस्तराची बटणं, शेवटी वरचं कापड.

घेराला आतून १५ सेमी रुंद सुती पट्टी आणि कडेला गोफासारखी विणलेली फीत लावा. झिजली की फीत तेवढी बदलायची.

कापड? सकाळसाठी छापील सुती, थंडीत फ्लॅनेल. १८७०नंतर शालींची फॅशन ओसरली, तेव्हा काश्मिरी आणि पेझ्ली (कोयरीच्या नक्षीच्या) शाली कापूनही असे गाऊन शिवले गेले. बघून जीव हळहळतो, पण काठ पडतात झकास.

परक्या पाहुण्यांसमोर मात्र रॅपर नाही. त्यासाठी टी गाऊन: आतलं काम हेच ठेवलं तरी चालतं, वर रेशीम-लेस आणि मागे जमिनीवर लोळणारा घेर. तिथे कमरेची पट्टी टाळूच नका.