रविवारचा वर्ग, सोमवारचा तास

आमच्या वसईच्या शाळेत एकाच खोलीत रविवारी धर्मशिक्षण आणि सोमवारी जीवशास्त्र व्हायचं. रविवारी सिस्टर सहा दिवसांत घडलेली सृष्टी शिकवायच्या. सोमवारी सर आंत्रपुच्छ, माकडहाड, कान हलवणारे स्नायू अशी अवशेषांगे, म्हणजे उत्क्रांतीत मागे उरलेले अवयव, लिहून घ्यायचे. दोघांवरही आमचा जीव, त्यामुळे या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे कुणी विचारलं नाही. गुण दोन्हीकडे मिळत होते!

उत्क्रांतीबद्दल नीट वाचायला घेतलं नोकरी लागल्यावर, आणि खरं सांगायचं तर जरा दबकतच. रविवारची मिस्सा न चुकवणाऱ्या माणसाने असलं काही वाचावं का, अशी धाकधूक होती.

मला धरून ठेवलं ते देवमाशाने. रंगा राव नावाच्या भारतीय भूवैज्ञानिकांनी राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटहून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. ते गेल्यावरही दगड घरी तसेच पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्याची आतली कड विलक्षण जाड होती, जशी देवमाशांच्या कानात असते. प्राणी मात्र खूरवाला, मांजरापेक्षा थोडा मोठा, सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्राण्याचं नाव इंडोह्यूस. म्हणजे देवमाशांचं नातं जमिनीवरच्या खूरवाल्या प्राण्यांशी! त्यानंतरच्या काळातले, पाय असलेले देवमासे आपल्या शेजारच्या कच्छमध्ये सापडले आहेत. समुद्राकाठी वाढलेल्या मला हे वाचून झोप लागेना.

माणसाच्या उत्क्रांतीचा पुरावा तर आपल्या पेशीतच आहे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्यात 23. आपलं दुसरं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालेलं आहे. एरवी टोकाला असणारा डीएनए तिथे मधोमध सापडतो. यावर वाद घालायला मला तरी जागा दिसली नाही.

आणि चर्चचं म्हणाल, तर बाराव्या पायस पोपनी 1950 मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यासाला वाट मोकळी ठेवली होती, आणि दुसऱ्या जॉन पॉल यांनी 1996 मध्ये हा सिद्धांत निव्वळ गृहीतकापलीकडे गेल्याचं मान्य केलं. म्हणजे आमच्या लहानपणीही भांडण तेवढं नव्हतंच. ‘सहा दिवस’ मला कधीच फार जड गेले नाहीत.

जड जातं ते वेगळंच. आजवर झालेल्या जातींपैकी बहुतेक सगळ्या नामशेष झाल्या. एवढी उपासमार, एवढं मरण, आणि ते माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून. आदाम या पहिल्या माणसाच्या पापामुळे मरण जगात आलं, असं आम्हाला शिकवलेलं. मग हे सगळं त्या पापाच्या खाती कसं टाकायचं? फादरांशी यावर पुष्कळ बोललो. त्यांची उत्तरं प्रेमळ असतात, पण माझं समाधान होत नाही. त्यातल्या त्यात बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातला देव मला प्रामाणिक वाटतो. दुःख का, असं विचारणाऱ्या ईयोबाला तो कारणं देत नाही. उलट गरुडाची पिल्लं रक्त पितात, हे स्वतःच ऐकवतो. सहा दिवसांची सृष्टी सांगणाऱ्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायापेक्षा हल्ली ती पानंच मी अधिक वेळा उघडतो.